सदनिका विकण्यासाठी संस्थेची ‘ना हरकत’ लागतेच का?

गृहनिर्माण संस्थेच्या ना हरकत प्रमाणपत्राशिवाय सदनिका विकताच येत नाही, हा महाराष्ट्रात घट्ट रुजलेला समज चुकीचा आहे. संस्थांच्या नमुना नियमावलीतील, म्हणजे आदर्श उपविधींतील, क्रमांक ३८ नुसार भाग व हितसंबंधांच्या (सभासदाचे शेअर्स आणि सदनिकेवरील हक्क यांच्या) हस्तांतरणासाठी असे प्रमाणपत्र आवश्यक नाही. सभासदाने आपल्या इराद्याची १५ दिवसांची लेखी नोटीस, खरेदीदाराच्या संमतीसह, संस्थेला द्यायची असते. कर्ज देणारी बँक प्रमाणपत्र मागते, पण तो तिचा नियम झाला. त्यामुळे समितीच्या हाती विक्रीचा परवाना येत नाही. थकबाकी मात्र चुकती करावीच लागते. राहिले हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे हस्तांतरणाच्या वेळी संस्था आकारते ती रक्कम, जे पुष्कळदा ‘ऐच्छिक देणगी’ या गोंडस नावाने वसूल होते: महापालिका क्षेत्रातही ते २५,००० रुपयांहून अधिक आकारता येत नाही.