पीएचपीतली फंक्शन्स पोरकी का राहिली

पीएचपी या वेबसाइटी बनवण्याच्या भाषेतला कुठलाही जुना प्रोजेक्ट उघडा, 'फंक्शन्स' (नाव देऊन हवे तेव्हा वापरायचे कोडचे तुकडे) नावाची एक अगडबंब फाइल हमखास सापडते. तारखा, करआकारणी, ईमेल, सगळं त्यात कोंबलेलं. याला प्रोग्रामरचा आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ही सवय भाषेनेच लावली.

रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी जाहीर केली, ती वैयक्तिक वेबपानांसाठी. अनेक पानांना लागणारा समान भाग वेगळ्या फाइलीतून 'इन्क्लूड' या आज्ञेने ओढायचा, त्यातली फंक्शन्स सगळीकडे खुली. तीच फाइल दोन वाटांनी आली की 'कॅनॉट रीडिक्लेअर' (हे नाव पुन्हा जाहीर करता येत नाही) म्हणत पान बंद पडायचं. पीएचपी ४ मध्ये त्यावर फाइल एकदाच ओढणारं 'रिक्वायर_वन्स' आलं. अशा फाइलींना 'डॉट आयएनसी' शेपूट लावायची पद्धत होती, ती तर घातकच. पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकला की अनेक सर्व्हर ती फाइल चालवायच्या ऐवजी मजकूर म्हणून दाखवायचे, डेटाबेसच्या पासवर्डसकट.

२००४ मध्ये पीएचपी ५ ने ऑटोलोड आणलं. अनोळखी क्लास (डेटा आणि त्याची फंक्शन्स एकत्र बांधणारा साचा) दिसला की भाषा स्वतःच फाइल शोधून आणणाऱ्या लोडरला विचारते, हा कुठल्या फाइलीत आहे? २००९ मध्ये ५.३ बरोबर नेमस्पेस, म्हणजे नावांची टक्कर टाळणारे गट, आले. पुढे पीएसआर-० आणि पीएसआर-४ या पीएचपीकरांच्या सामाईक संकेतांनी क्लासचं नाव फोल्डरच्या वाटेशी जोडलं, आणि २०१२ पासून बाहेरची पॅकेजेस आणून देणाऱ्या कंपोझर या साधनाने ते घरोघरी पोचवलं.

फंक्शन्स मात्र यातून सुटली. नेमस्पेसमध्ये नुसत्या नावाने हाक मारलेलं फंक्शन तिथे नसेल, तर पीएचपी ते जागतिक (कुठल्याही नेमस्पेसबाहेरच्या) नावांत शोधते. मग मजकुराची लांबी मोजणाऱ्या, पीएचपीतल्याच तयार 'स्ट्रलेन'सारख्या साध्या हाकेलाही आधी लोडर उठवायचा का? हा पेच मोठा आहे. प्रस्ताव येत राहिले, पण फंक्शन्सचं ऑटोलोड भाषेत आलं नाही.

म्हणून फंक्शन्सच्या फाइली कंपोझरच्या 'फाइल्स' यादीत टाकतात, आणि त्या दर रिक्वेस्टला (पानाच्या प्रत्येक मागणीला) लोड होतात, गरज असो वा नसो. हे टाळायला अनेकांनी 'हेल्पर' क्लास काढले, आत सगळ्या स्टॅटिक मेथड, म्हणजे क्लासचा ऑब्जेक्ट न बनवता चालणारी फंक्शन्स. क्लास फक्त नावाला! मला ही तडजोड कधीच पटली नाही. २०१३ च्या ५.५ पासून ओपीकॅश पीएचपीसोबतच मिळतो आणि कंपाइल झालेला कोड मेमरीत ठेवतो, त्यामुळे चार छोट्या फाइलींचा भार नगण्य ठरतो. ५.६ मध्ये दुसऱ्या नेमस्पेसमधलं फंक्शन नुसत्या नावाने वापरू देणारं 'यूझ फंक्शन'ही आलं. तारखांची फंक्शन्स एका फाइलीत, करांची दुसऱ्या, प्रत्येकीला आपला नेमस्पेस, एवढं आता खुशाल करता येतं.