बी.एड. की सेट? गणितवाल्यांची आणि मायक्रोवाल्यांची गल्लत

माटुंग्याच्या रुइया किंवा रुपारेलसारख्या कॉलेजात अकरावी-बारावी आणि बी.एस्सी. एकाच आवारात भरतात. बारावीला गणित शिकवणाऱ्या मॅडम आणि टी.वाय.ला शिकवणारे सर एकाच जिन्याने वर जातात, आणि मुलं दोघांनाही प्रोफेसरच म्हणतात. पण त्या दोघांची पात्रता वेगळी असते, हे बहुतेकांना नोकरीची जाहिरात हातात पडल्यावर कळतं. माझ्या एका विद्यार्थिनीचं तसंच झालं. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी., पहिल्याच प्रयत्नात सेट (कॉलेजात शिकवण्यासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) पास. ज्युनिअर कॉलेजात अर्ज घेऊन गेली, तर पहिला प्रश्न आला, "बी.एड. कुठंय?" तिची दोन वर्षं वाचवता आली असती, म्हणून हे लिहितेय.

बी.एड. शाळेसाठी आणि ज्युनिअर कॉलेजसाठी लागतं. शाळेत (पाचवीच्या पुढे) पदवी आणि बी.एड., ज्युनिअरला एम.एस्सी. आणि बी.एड. सीनिअर कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर बी.एड. कुणी विचारत नाही; तिथं एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि सेट किंवा नेट (तशीच देशपातळीवरची परीक्षा) हवी (आरक्षित प्रवर्गांना गुणांत ५ टक्के सवलत आहे). जुलै २०२३ पासून या पदासाठी पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे. म्हणजे सेट झाली म्हणून बी.एड. माफ होत नाही, आणि बी.एड. झालं म्हणून सेट सुटत नाही.

दोन्हीकडे तपासतात ते कौशल्यही निराळं. सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, १०० गुणांचा. दुसरा विषयाचा, २०० गुणांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी साधारण ६ टक्केच पात्र ठरतात.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. पदवीला ५० टक्के आणि राज्याची सीईटी, मग प्रवेश. त्यातले २० आठवडे शाळेशी बांधलेले. पाठ टाचण काढायचं, सराव पाठ घ्यायचे, मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शकांचे शेरे ऐकायचे. अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला अजिबात वाटत नाही. एम.एस्सी.ला ग्रुप थिअरी उत्तम जमलेल्या माणसाला सहावीतल्या मुलीने विचारलं, "अपूर्णांकाने भागताना तो उलटा का करायचा?" तर "नियमच आहे" याच्या पुढे जाता येईलच असं नाही. अर्ध्या लिटरचे पेले भरायचे तर तीन लिटरचे किती होतील, असं विचारून तिला सहापर्यंत नेणं ही शिकायचीच गोष्ट आहे.

शाळेसाठी आणखी एक: पहिली ते आठवीला टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षाही लागते, आणि पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरच्या भरतीसाठी टेट नावाची अभियोग्यता चाचणी वेगळी. टीईटी आणि टेट एक नव्हेत. पहिली ते पाचवीला तर बी.एड. चालतच नाही, डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते, ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं.

गणितवाल्यांची वाट यात बरीच सरळ आहे. त्यांचा विषय पहिलीपासून एम.एस्सी.पर्यंत त्याच नावाने आहे. बी.एड.ला गणित मेथड (गणित कसं शिकवायचं हा विषय) मिळते, सेटलाही 'मॅथेमॅटिकल सायन्सेस'चा पेपर आहे.

मायक्रोवाल्यांनी मात्र जपून पावलं टाकावीत. शाळेत त्यांचा विषयच नाही, विज्ञान आहे. बारावीला जीवशास्त्र आहे. सीएसआयआर नेटमध्येही (विज्ञान विषयांची नेट) मायक्रोबायोलॉजी लाइफ सायन्सेसच्या पोटात येते, म्हणजे वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र आणि परिसंस्थाही अभ्यासायला हव्यात. केंद्रीय विद्यालयाचा नियम पाहण्यासारखा आहे. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रासाठी त्यांना एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी चालते, पण पदवीला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकलेलं असलं तरच. आमच्याकडची मुलं एफ.वाय.ला विषय निवडताना इतका पुढचा विचार करत नाहीत, आणि त्यांना तो कुणी सांगतही नाही. शिकवायची थोडी जरी इच्छा असेल, तर हे दोन विषय पदवीत कुठं बसवता येतील ते प्रवेश घेतानाच विचारा.

शाळा की कॉलेज हे ज्यांचं अजून ठरत नाही, त्यांना मी एकच क्रम सुचवते. सेट एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते, अभ्यास ताजा असतो तेव्हाच. मग निकाल काहीही लागो, बी.एड.च्या सीईटीचा फॉर्म भरून ठेवा.