जावामधून जावास्क्रिप्टचे अ‍ॅरे हाताळणे

जावा प्रोग्रॅमच्या आत जावास्क्रिप्ट चालवायची आणि तिने परत दिलेला अ‍ॅरे (मूल्यांची क्रमवार रांग) जावाच्या प्रकारांत आणायचा, असे या कामाचे स्वरूप आहे. जावाच्या अ‍ॅरेची लांबी व घटकांचा प्रकार तो तयार होतानाच ठरतो. जावास्क्रिप्टचा अ‍ॅरे मुळात ऑब्जेक्टच (नावे आणि त्यांची मूल्ये बाळगणारी वस्तू) असतो. तो हवा तसा वाढतो आणि त्यात आकडे, मजकूर व रिकाम्या जागा शेजारीशेजारी नांदतात.

स्क्रिप्टिंगचा एपीआय (जावामधून स्क्रिप्ट चालवण्याची ठरलेली सोय) जावा ६ मध्ये (२००६) आला. सोबत रायनो हे जावास्क्रिप्ट चालवणारे इंजिन होते. जावा ८ मध्ये (२०१४) त्याच्या जागी नासहॉर्न आले. दोन्ही नावांचा अर्थ गेंडाच, दुसरे जर्मन. जावा १५ मधून (२०२०) नासहॉर्न काढून टाकले गेले. आता ते वेगळी लायब्ररी म्हणून जोडावे लागते किंवा ग्राल या वेगळ्या प्रकल्पाचे इंजिन वापरावे लागते.

बहुतेकांची गाडी अडते ती कास्टिंगवर, म्हणजे एखादी वस्तू अमुक प्रकारची मानून वापरण्यावर. ऑब्जेक्टचे कास्टिंग काहीही बदलत नाही. समोरची वस्तू त्या प्रकारची आहे का, एवढेच तपासते. नासहॉर्नमध्ये स्क्रिप्टचा अ‍ॅरे ‘स्क्रिप्टऑब्जेक्टमिरर’ म्हणून हाती येतो. हा मिरर मॅप (नाव-मूल्य जोड्यांचा संग्रह) असतो, लिस्ट (क्रमवार यादी) नव्हे. त्यामुळे लिस्टमध्ये कास्ट केले की ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ ही चूक ठरलेली. आधी तो अ‍ॅरे आहे का हे विचारून मग त्याची मूल्ये मागायची, हा सरळ मार्ग.

मूल्ये मिळाली तरी आकड्यांचा घोळ उरतोच. नासहॉर्नमध्ये १० आणि २० एवढाच अ‍ॅरे असेल तर घटक इंटिजर (पूर्णांक) म्हणून येतात, त्यात ७.५ घातला की १० सुद्धा डबल (दशांशाचा आकडा) होऊन येतो. काल चाललेले इंटिजरचे कास्टिंग आज कोसळते ते असे. म्हणून कास्ट करायचेच तर ‘नंबर’ या पालक क्लासमध्ये करावे आणि इंट (पूर्णांक) मूल्य त्याच्याकडून मागावे. लाँग प्रकारचे मोठे पूर्णांक मात्र मजकूर म्हणून पाठवलेले बरे, कारण जावास्क्रिप्टचा नेहमीचा आकडा डबल असतो आणि ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ च्या पुढे त्यात प्रत्येक पूर्णांक नेमका मावत नाही.

रूपांतर स्क्रिप्टच्याच बाजूला करण्याची सोयही नासहॉर्नने दिली आहे. तिथे नियम जावास्क्रिप्टचे चालतात: १, मजकुरातला "१३" आणि फॉल्स (असत्य) असा अ‍ॅरे इंटच्या अ‍ॅरेत नेला तर १, १३, ० मिळतात. सोयीचे आहे, पण चुकीचा डेटाही तसाच बिनबोभाट आत शिरतो.