पंख्याचा आवाज वाढलाय? आधी आकडे पाहा

कॉम्प्युटर तापतोय, पंखा घोंघावतोय, काम चालू असताना मशीन अचानक बंद पडतंय, अशी तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न असतो, "एरवी तापमान किती असतं?" बहुतेकांनी ते कधी पाहिलेलं नसतं. खरं तर हे आकडे कॅबिनेट न उघडता स्क्रीनवरच दिसतात.

तापमान मोजणारे सेन्सर प्रोसेसरच्या आतच असतात. पंख्याच्या तीन किंवा चार तारांपैकी एक तार वेग कळवते. साधारणपणे प्रत्येक फेऱ्याला तिच्यातून दोन स्पंद येतात, त्यावरून मदरबोर्ड मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, काढतो.

विंडोजवर आम्ही एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) हा प्रोग्राम सुचवतो. सुरू करताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा. टास्क मॅनेजरवर विसंबू नका, तो स्वतंत्र ग्राफिक्स कार्डचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं नाही. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स (lm-sensors) हा प्रोग्राम बसवा, सेन्सर्स-डिटेक्ट (sensors-detect) एकदा चालवा आणि मग टर्मिनलमध्ये सेन्सर्स (sensors) ही कमांड द्या. बऱ्याच लॅपटॉपमध्ये पंख्याचा वेग दिसतच नाही, तिथे तापमानावरच भागवावं लागतं.

मशीन नुसतं चालू असताना ३५ ते ५० आणि जड काम करताना ७० ते ८५ अंश सेल्सिअस हे डेस्कटॉपला सर्वसाधारण आहे. अनेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे मशीन 'स्लो' झाल्यासारखं वाटतं. पुष्कळ जण अशा वेळी रॅम वाढवायला निघतात, आणि अडचण असते ती प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरवर साचलेल्या धुळीत.

तापमान आणि आरपीएम नेहमी जोडीनं वाचा. दोन्ही चढलेले असतील तर पंखा त्याचं काम करतोय, पण उष्णता बाहेर पडत नाही. बहुधा धूळ असते किंवा प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळलेली असते. तापमान चढलंय आणि पंखा मंद किंवा शून्यावर असेल, तर काम थांबवून मशीन बंद करा आणि आम्हाला कळवा. काम सुरू करताच दोन-चार सेकंदांत पारा ९५ वर गेला, तर कूलर प्रोसेसरवर नीट टेकलेला नसण्याची शक्यता मोठी.

एखादी ओळ १२७ अंश किंवा उणे आकडा दाखवत असेल तर घाबरू नका. बहुधा त्या जागी सेन्सर जोडलेलाच नसतो. ग्राफिक्स कार्डचा पंखाही हलक्या कामात मुद्दाम थांबतो. तिथलं शून्य म्हणजे बिघाड नव्हे.

मशीन ठीक चालत असतानाच एकदा रिकामं असतानाचे आणि एकदा जड काम चालू असतानाचे आकडे या पत्रकाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. त्या दिवशी खोलीत उकाडा होता की गारवा, तेही लिहा, कारण खोली दहा अंशांनी तापली की मशीनही जवळपास तेवढंच चढतं. दुरुस्तीला येताना हा कागद सोबत आणा.