झाडीपट्टीत नाटकाच्या रात्री का घटल्या

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, नाटक कधीच एकटं उभं नव्हतं. दिवसा मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत), घरोघरी पाहुणे आणि रात्री त्याच पाहुण्यांसाठी नाटक, असं हे गणित. म्हणून नाटकाचं काय चुकलं हे शोधण्याआधी दिवसाचं काय झालं ते पाहायला हवं.

दिवाळी आटोपली की मंडया सुरू होतात. आसपासच्या गावांच्या तारखा वेगवेगळ्या ठेवायच्या, म्हणजे लेकी-जावयांना दोन्हीकडे जाता येतं. मंडईत दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं ठरलेली. करणारे गावचेच शेतकरी-मजूर. ढोलकी, डफ, टाळ आणि बाईचं काम करणारा पुरुष. तरुण पोरं मजुरीसाठी बाहेर पडू लागली तसे हे फड आधी मोडले. शाहीर एकटा गाऊ शकतो, पण मागे झील, म्हणजे साथीचा सूर, धरायला माणसं लागतात, आणि ती तालमीला गावात हवीत.

नाटक जास्त टिकलं, कारण त्यामागे व्यावसायिक कंपन्या होत्या. गावचं मंडळ या कंपन्यांचं ठाणं असलेलं वडसा, म्हणजे देसाईगंज गाठतं, तारीख पक्की करतं, विसार देतं. मंडप, पत्रकं, परवानग्या मंडळाच्या गळ्यात; वसुली मात्र एका रात्रीच्या तिकिटांतून. अवकाळी पाऊस आला, शेजारच्या गावानं तीच तारीख धरली किंवा धानाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, रखडले, की हिशेब बसत नाही. चुकारे अडकले तर आधी महागडी तिकिटं पडून राहतात, आणि तोटा तिथेच होतो.

मोठा घाव शंकरपटाच्या बंदीनं बसला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ ला, आणि घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला १८ मे २०२३ ला. बैल जपले जावेत हा मुद्दा रास्तच होता. पण पटाला आलेला माणूस मुक्कामी राहायचा, जेवून नाटकाला बसायचा. मधली सात वर्षं तो आलाच नाही. त्यातच २०२० चा करोना. तोवर डांबरी रस्ते आणि मोटरसायकली आल्या होत्या. पट परतला तरी पाहुणा संध्याकाळीच घरी निघू लागला.

आणखी एक अडचण रोजची आहे, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. इथलं नाटक रात्री दहाच्या सुमारास उघडतं आणि पहाटेपर्यंत चालतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सणासुदीला सूट देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस आणि मध्यरात्री १२ पर्यंतच. कापडी मंडप हे बंद सभागृह नव्हे. माईक मंचावर वरून टांगलेले असतात. नट त्यांच्याखाली येऊन, आवाज चढवून बोलतो. आवाज उतरवला की मागच्या माणसाला संवाद कळत नाही, आणि तो उठून जातो.

गडचिरोलीतल्या गुरनोलीचे झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा सगळ्या पट्ट्याला अभिमान आहे. आता गरज आहे ती रात्री आठला पडदा उघडण्याची आणि संहिता चार तासांत बसवण्याची. पट सूर्यास्ताला आटोपतो; पाहुणा गावातून निघायच्या आत त्याच्या हातात तिकीट पडलं पाहिजे.