बोरमाळेत लाख निघाली म्हणजे सोनाराने गंडवलं?

आजीची बोरमाळ मोडायला नेली, मणी फुटला, आतून लाख निघाली. झालं, ‘सोनाराने गंडवलं’ ही कथा घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालू. अहो, ते मणी पातळ पत्र्याचे, पोकळच घडवतात. आत लाख भरली नाही तर बोटाच्या दाबानेही चेपतील. भरीव केले तर मानेला पेलणार नाहीत, खिशाला तर नाहीच नाही. (लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून अशी माळ उकळत्या पाण्यात घालू नये.)

गंडवणूक होते ती लाखेचं वजन सोन्याच्या भावाने लावलं तर. पावतीवर निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या. 916 चा शिक्का फक्त 22 कॅरेटची शुद्धता सांगतो; आत लाख किती, ते नाही.