प्रवाशांसोबतची खाद्यपेये आणि सीमाशुल्क नियम

परदेशाहून परतणाऱ्या प्रवाशाने सामानातून खाण्यापिण्याचे काय, किती आणि कोणत्या अटींवर आणावे, हे ठरवणारे नियम. सगळे ‘कस्टम्स’च्या नावावर खपते, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारूच्या बाबतीत मुख्यतः कर पाहिला जातो. मांस, दूध, फळे आणि बियाणे यांच्या बाबतीत रोगराई. जास्त कडक आणि जास्त महत्त्वाचा भाग हा दुसराच.

ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या खुरकूत रोगाची साथ आली. दूषित मांस असलेले खरकटे नीट न उकळता डुकरांना घातले गेले, हे तिचे सर्वांत संभाव्य कारण मानले जाते. साथ आटोक्यात आणताना ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. आफ्रिकी स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगाचा विषाणू तर खारवून सुकवलेल्या मांसातही महिनोन्‌महिने टिकतो. माणसाला त्याने काहीच होत नाही, त्यामुळे सॉसेज खाणाऱ्याला शंकाही येत नाही. उरलेला तुकडा डुकरांपर्यंत पोचला की गोठेच्या गोठे रिकामे होतात.

फळांचेही तसेच. फळमाशी सालीखाली अंडी घालते. वरून दिसते ती फक्त सुई टोचल्यासारखी खूण, तीही दिसली तर. आतली अळी फळ कापल्यावरच कळते. म्हणूनच अमेरिकेच्या विमानतळांवर १९८४ पासून बीगल जातीचे कुत्रे सामान हुंगतात. वास लागला की कुत्रा भुंकत नाही, बॅगेशेजारी शांतपणे बसतो. पुष्कळदा आत सापडते ते विमानात मिळालेले आणि प्रवासी विसरून गेलेले सफरचंद.

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या सामान्य प्रवाशाला मांस व दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. लहान मुलांच्या दूध पावडरीसारखे मोजके अपवाद आहेत. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना ते लागत नाही. बिस्किटे, चहा, भाजलेली कॉफी सहसा अडत नाहीत. मात्र पाकीट सीलबंद आहे म्हणून चालेल, हा समज चुकीचा. सूपच्या पुडीतही मांस असू शकते. खसखस अनेक ठिकाणी साधा मसाला असली, तरी सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे.

दारूचे नियम त्या मानाने सरळ आहेत. युरोपीय संघाबाहेरून येताना २२ टक्क्यांहून अधिक मद्यार्काची एक लिटर दारू करमुक्त असते. वाइनसाठी चार आणि बिअरसाठी सोळा लिटरची वेगळी सवलत आहे. ७० टक्क्यांहून तीव्र दारू विमानात नेताच येत नाही, कारण ती पेट घेते. ‘ड्यूटी-फ्री’ या शब्दाने मात्र लोक फसतात. तिथे कर माफ होतो तो विकणाऱ्या देशाचा. मर्यादा मात्र जिथे उतरता त्या देशाची लागू होते.

शंका असेल तर पदार्थ जाहीर करावा आणि लाल मार्गाने, म्हणजे काही जाहीर करायचे असलेल्यांच्या मार्गाने, जावे. जाहीर केलेली वस्तू चालत नसली तरी बहुधा फक्त काढून घेतली जाते. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या एका फळासाठीही ४०० न्यूझीलंड डॉलर दंड जागेवरच होऊ शकतो. काढून घेतलेला माल साध्या कचऱ्यात टाकत नाहीत. तो जाळतात किंवा उच्च तापमानावर निर्जंतुक करून मग त्याची विल्हेवाट लावतात.